तार आणि तारे



मकरसंक्रांतीला महाराष्ट्रातील स्त्री काळी चंद्रकळा नेसते. सूर्याच्या राशीसंक्रमणाचा तो दिवस. आणि चंद्रकळा खडीची असेल तर काळ्या पटावरील रुपेरी ठिपके म्हणजे जणू मध्यरात्रीचे आकाशच. पंचांग आणि वस्त्र यांची अशीच गाठ गोमतीकाठच्या लखनौतही पडलेली दिसते. तेथे तारे हाती धरण्याचे दोन उद्योग झाले : एक दुर्बिणीचा, दुसरा सुईचा.

अवधचा नवाब नसीरुद्दीन हैदर (कारकीर्द १८२७–१८३७) याने लखनौत वेधशाळेचा संकल्प सोडला. परदेशातून उत्तम उपकरणे मागवली गेली. १८३५ पासून रिचर्ड विलकॉक्स याने तिचा भार वाहिला व १८४१ च्या सुमारास काम पूर्ण झाले. १८४८ मध्ये विलकॉक्स निवर्तला. पुढच्याच वर्षी नवाब वाजिद अली शाह याने वेधशाळा बंद केली. १८५७ च्या धामधुमीत उपकरणे नाहीशी झाली. रात्र रात्र जागून घेतलेल्या वेधांच्या नोंदीही प्रसिद्धीपूर्वीच नष्ट झाल्या. वास्तू उरली. लोक तिला आजही ‘तारावाली कोठी’ म्हणतात. मात्र आत बँकेचे व्यवहार चालतात.

त्याच शहराच्या गल्ल्यांत मुकैशचे कारागीर मलमलीवर तारे उमटवीत होते. त्यांचे साहित्य अगदी थोडे : एक सुई आणि ‘बादला’ नावाची चपटी, अरुंद तार. पूर्वी ती सोन्याचांदीची असे. कारागीर ती कापडातून आरपार काढतो, दुमडतो, तोडतो आणि नखाने दाबून बसवतो. असा एक ठिपका म्हणजे एक ‘फर्दी’. हजारो फर्द्यांनी एक ओढणी भरते. शेवटी कवडीने किंवा काचेने कापड घोटले की प्रत्येक ठिपका उजळतो.

राजाश्रय दुर्बिणीलाही होता आणि सुईलाही; पण टिकली ती सुई. वेधशाळेचे ज्ञान एका अधिकाऱ्याभोवती गोळा झाले होते आणि त्याच्यामागे ते पुढे नेणारा कोणी उरला नाही. मुकैश मात्र बापाच्या शेजारी बसून मुलगा शिकत गेला. आज तीच साखळी तुटू पाहत आहे. मजुरी अल्प, डोळ्यांवर ताण मोठा; म्हणून जाणते हात वृद्ध झाले आणि त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. यंत्राने चिकटवलेली टिकली दुरून तशीच दिसते, पण त्या कामातून कोणाचाही हात तयार होत नाही.

याच लखनौत १९२६ मध्ये मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले, त्यामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे हा मराठी माणूस होता. घराण्यांच्या कंठांत राहिलेल्या बंदिशी त्यांनी स्वरलिपीत उतरवल्या आणि त्या शिकवणारी शाळाही उभारली. केवळ लेखन पुरत नाही, शिकणाराही हवा, हे त्यांनी ओळखले होते.

शाळेचा हीरक महोत्सव हा अशाच न तुटलेल्या साखळीचा उत्सव होय. पालकहो, घरच्या पेटीतील चंद्रकळा मुलांना जरूर दाखवावी. तिच्यावरील खडी कशी उमटवतात, तेही सांगावे. आणि त्या रात्री गच्चीवर नेऊन कृत्तिकांचा पुंजका दाखवावा.