पासपोर्ट हक्काचा, व्हिसा परवानगीचा

(परदेशी शिक्षणास जाऊ इच्छिणारे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या मुलामुलींना विलायतेतील विद्यापीठांची प्रवेशपत्रे येऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि प्रवेश मिळाला म्हणजे जाणे ठरले, अशा समजुतीने पुष्कळ कुटुंबे निर्धास्त राहतात आणि अखेरच्या महिन्यात व्हिसाच्या कागदपत्रांपाशी येऊन अडतात. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे पालक बहुधा नकाराचे पत्र हाती घेऊनच येतात. नकारापूर्वी जे ठाऊक असावयास हवे, तेवढेच मी आज सांगणार आहे. उदाहरणासाठी मी ब्रिटनचा कायदा घेतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुढे मुंबईत प्राध्यापकी करून, पैसा साठवून आणि स्नेह्यांचे साह्य घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले व १९२३ साली डी. एस्सी. झाले. त्यांची वाट पैशाने अडविली होती, व्हिसाने नव्हे. हिंदी माणूस तेव्हा ब्रिटिश प्रजाजन होता. स्वातंत्र्यानंतरही राष्ट्रकुलाचा नागरिक या नात्याने त्याला ब्रिटनमध्ये जाण्याचा अधिकार होता. १९६२ सालच्या कायद्याने त्यास मर्यादा घातली. आज भारतीय विद्यार्थ्याला आधी व्हिसा घ्यावा लागतो आणि व्हिसाचा अधिकारी पैशाचाच पुरावा मागतो. पूर्वीची अडचण आता कायद्याच्या कलमात जाऊन बसली आहे.

येथे पासपोर्ट आणि व्हिसा यांतील भेद नीट समजून घ्यावयास हवा. पासपोर्ट आपले सरकार देते. सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. १९७८ साली मनेका गांधी यांच्या खटल्यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, हा अधिकार हिरावून घेणारी कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे. म्हणून पासपोर्ट कचेरीने अर्ज नाकारला तर, काही अपवाद वगळता, लेखी कारणे मागता येतात आणि अपीलही करता येते. तेथे आपण याचक नसून नागरिक असतो.

व्हिसाची गोष्ट निराळी आहे. तो परक्या राज्याचा असतो आणि त्या राज्यात प्रवेश मिळणे हा आपला मूलभूत हक्क नव्हे. परंतु ती परवानगी कोणाच्या मर्जीवर लटकलेली असते असेही समजू नका. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाचे नियम छापील आहेत आणि ते गुणांवर चालतात. एकूण ७० गुण हवेत : प्रवेश व अभ्यासक्रम यांचे ५०, पैशाचे १० आणि इंग्रजीचे १०. विद्यापीठ प्रवेश पक्का झाल्यावर एक क्रमांक देते, त्यास ‘कास’ म्हणतात. त्यावाचून अर्ज होत नाही. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. सहा महिन्यांहून अधिक राहावयाचे असल्यास मान्यताप्राप्त दवाखान्यातून क्षयरोग नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. शिवाय आरोग्यसेवेचा अधिभार अर्जाबरोबरच भरावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी तो २०२४ पासून वर्षाला ७७६ पौंड आहे.

आपली माणसे अडकतात ती पैशाच्या दहा गुणांपाशी. पहिल्या वर्षाची जी फी भरावयाची राहिली असेल ती, आणि राहण्या-जेवण्यासाठी नऊ महिन्यांपर्यंतचा खर्च, एवढी रक्कम दाखवावी लागते. नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनसाठी महिन्याला १,५२९ पौंड व लंडनबाहेर १,१७१ पौंड धरला जातो. म्हणजे लंडनचे नऊ महिन्यांचे १३,७६१ पौंड झाले; आपल्या चलनात पंधरा लाखांच्या वर. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे, आणि तो २८ दिवसांचा काळ अर्जाच्या तारखेपूर्वी ३१ दिवसांच्या आत संपलेला असला पाहिजे. मध्ये एक दिवस जरी शिल्लक कमी झाली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. खाते विद्यार्थ्याचे किंवा आईवडिलांचे चालते. आईवडिलांचे असल्यास जन्मदाखला व त्यांचे संमतिपत्र जोडावे लागते. काका, मामा किंवा थोरला भाऊ यांच्या खात्यातील पैसा धरला जात नाही. गावाकडची शेतजमीन व घर यांनाही येथे किंमत नाही.

ही अट ऐकली की दलाल घरी येतो. तो म्हणतो, ‘महिनाभर पैसे तुमच्या खात्यात ठेवतो, तेवढे व्याज द्या.’ गिरणीत किंवा सफाईच्या कामात आयुष्य घालविलेला बाप मंगळसूत्र विकून ते व्याज भरतो. एकोणतिसाव्या दिवशी सावकार आपली रक्कम घेऊन जातो आणि मूल रिकाम्या हाताने लंडनला उतरते. पदवी वा त्यावरच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला तेथे सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करण्यास मनाई आहे. तेवढ्या मजुरीत लंडनचे भाडे, जेवण आणि घरचे व्याज कसे भागणार? त्यापेक्षा बँकेचे शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या नावे रीतसर मंजूर करून घ्यावे. त्याचे पत्र ब्रिटनच्या नियमात बसते.

याहूनही सरळ मार्ग सरकारी शिष्यवृत्तीचा आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, आणि महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. त्यांच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी. सरकार खर्च देत असल्याचे पत्र असेल तर त्या रकमेपुरती २८ दिवसांच्या शिलकेची अट राहत नाही. मात्र पत्रात रकमेचा आणि मुदतीचा स्पष्ट उल्लेख हवा, आणि पत्रातील रक्कम ठरीव खर्चाहून कमी असेल तर उरलेली स्वतंत्र दाखवावी लागते. पत्र हाती येताच बेरीज करून पाहा.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. धर्मांतरामुळे दाखल्यावर ‘बौद्ध’ असल्यास शिष्यवृत्ती जाईल, अशी भीती अजून काही घरांत आहे. १९९० सालच्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला आहे. ती भीती टाकून द्या. जातीचा दाखला लागतो तो शिष्यवृत्तीसाठी. व्हिसासाठी त्याची गरज नाही.

व्हिसाला महत्त्व आहे ते नावाच्या एकसारखेपणाला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबांचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे. वडिलांनी आडनाव बदललेले, आईचे नाव माहेरचे राहिलेले. यामागे इतिहास आहे आणि त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. परंतु लंडनच्या अधिकाऱ्याला तो इतिहास ठाऊक नसतो. जन्मदाखल्यावरील बाप आणि बँकखात्यावरील बाप एकच आहे, हे त्याला कागदावरून पटले पाहिजे. म्हणून नावबदल राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या आणि पासपोर्ट, गुणपत्रिका व बँकखाते यांवरील अक्षरे जुळवून घ्या. या कामाला महिने लागतात. मूल पदवीच्या वर्गात असतानाच ते हाती घ्यावे.

अर्जात खोटे लिहू नका, आणि दलालालाही लिहू देऊ नका. सही अर्जदाराची असते आणि शिक्षाही त्यालाच होते. खोटा कागद जोडल्यास किंवा पूर्वीचा नकार लपविल्यास पुढे दहा वर्षांपर्यंत ब्रिटनचा दरवाजा बंद होऊ शकतो. अधिकारी मुलाखतही घेऊ शकतो. हाच विषय का, हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, असे त्याचे प्रश्न असतात. पाठ केलेली उत्तरे तो ओळखतो. स्वतःचा विषय स्वतः निवडलेल्या विद्यार्थ्याला या प्रश्नांचे भय वाटण्याचे कारण नाही.

एवढे करूनही नकार आला तर खचून जाऊ नका. नकाराच्या पत्रात कारण दिलेले असते, ते शब्दशः वाचा. अधिकाऱ्याने नियम चुकीचा लावला असेल तर पत्र मिळाल्यापासून २८ दिवसांत प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. कागद अपुरा असेल तर तो पुरा करून नवा अर्ज करावा; मात्र त्यात आधीचा नकार नमूद करावयास विसरू नये.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या आजोबा-पणजोबांच्या नावावर फारसा कागद नव्हता, म्हणून त्यांना फसविणे सोपे होते. आपल्या मुलांच्या बाबतीत तसे होता कामा नये. ज्या घरात मूल महाविद्यालयात जात आहे, त्या घराने घरी गेल्यावर सर्व दाखले एकत्र काढावेत आणि त्यांवरील नावे पडताळून पाहावीत. जेथे फरक दिसेल तेथून कामास लागावे.