हेडमास्तरांची नजर आणि हळदणकरांचा कुंचला

(उत्रोली परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



वहीच्या समासात बैल, एस.टी. किंवा गावचे देऊळ काढीत बसलेला मुलगा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. गणिताच्या तासाला तो सापडला म्हणजे त्याला बोलणी बसतात आणि पुष्कळदा त्याची कला तेथेच संपते. अशा मुलाकडे वेळीच लक्ष गेले तर काय घडू शकते, हे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्या चरित्रावरून कळून येते.

हळदणकरांचा जन्म १८८२ साली सावंतवाडी येथे झाला. सावंतवाडी हे त्या काळी आपल्या भोरप्रमाणेच एक संस्थान होते. या विद्यार्थ्याचा हात चित्रकलेत चांगला चालतो, हे शाळेच्या हेडमास्तरांनी ओळखले. मात्र नुसती शाबासकी देऊन ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांच्या खटपटीने आणि संस्थानाधिपतींच्या साहाय्याने १९०३ साली हळदणकर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. रावबहादूर धुरंधर यांच्यासारखे गुरू त्यांना तेथे लाभले.

जे आपणांस मिळाले ते इतरांस द्यावे, ही वृत्ती त्यांच्या ठायी होती. १९०८ साली, वयाच्या अवघ्या पंचविशीत, त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकला-संस्था काढली आणि अध्यापनाचे व्रत पत्करले. १९१८ साली स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांमध्येही त्यांची गणना होते. त्यांचे पुत्र गजानन हेही पुढे चित्रकार झाले. १९६८ साली हळदणकर निवर्तले.

त्यांचे सर्वांत गाजलेले चित्र 'ग्लो ऑफ होप', म्हणजे 'आशेचा प्रकाश', म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहात आहे. एक स्त्री हाती दिवा घेऊन उभी आहे. तिने दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे. ज्योतीचा उजेड बोटांतून झिरपतो आणि मुखावर पसरतो. या चित्रासाठी त्यांची कन्याच समोर उभी राहिली होती. पुष्कळ लोक हे चित्र राजा रविवर्म्यांचे समजतात. परंतु रविवर्म्यांची ख्याती तैलरंगांसाठी, आणि हे चित्र आहे जलरंगांतील.

हा भेद शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. तैलरंगात चूक झाली तर तिच्यावर दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात तशी सोय नाही. तेथे पांढरा रंग म्हणजे कोरा राखलेला कागद. जेथे उजेड हवा, तेथे चित्रकाराला हात आवरावा लागतो.

मुलांना चित्रकला शिकवितानाही हात आवरण्याची गरज आहे. फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य आणि खाली नदी काढून दिली की साऱ्या वर्गाच्या पाट्यांवर तेच डोंगर उमटतात. वास्तविक रोहिड्याचा डोंगर तसा त्रिकोणी नाही, आणि नीरेचे पाणी वैशाखात व श्रावणात सारखे दिसत नाही. मुलांना ते आधी पाहू द्यावे, मग काढू द्यावे. बैलाचे पाय चुकले तर खोडरबर हाती न देता गोठ्यातील बैल पुन्हा पाहून यावयास सांगावे. रंगपेटी नसली तरी कोळसा, गेरू, विटेचा तुकडा आणि शाळेचे अंगण कोठेही मिळते.

प्रत्येक मूल चित्रकार होणार नाही, आणि तसे होण्याची गरजही नाही. पाहण्याची सवय विज्ञानाला, भूगोलाला आणि शेतीलाही उपयोगी पडते. परंतु एखाद्याचा हात खरोखर वेगळा दिसला, तर हेडमास्तरांचे उरलेले काम आपले आहे. त्याची चित्रे जपून ठेवावीत, पालकांना बोलावून दाखवावीत, आणि तो माध्यमिक शाळेत जाईल तेव्हा तेथील कलाशिक्षकांना आवर्जून कळवावे. शासकीय रेखाकला परीक्षांची माहितीही त्याच्या घरी पोचवावी. एवढ्यास फार तर एक सायंकाळ लागते.

म्हैसूरच्या त्या चित्राखाली सावंतवाडीच्या हेडमास्तरांचे नाव नाही. तरीही त्या दिव्याला आडोसा धरणारा पहिला हात त्यांचाच होता.