झेल सोलकर, गोलंदाज चंद्रशेखर

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)





मी काही वक्ता नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला माणूस. साइटवर टेप धरायची आणि संध्याकाळी एम.बी. लिहायची, हे माझं काम. मंडळानं सांगितलं, "यंदा तुम्ही बोला." विषय विचारला, तर म्हणाले, "तुम्हाला जो येतो तो." मला येतो तो एकच, क्रिकेट. त्यातला एक माणूस मी आज तुमच्यासमोर मांडणार आहे. एकनाथ सोलकर. वयानं तो आमच्या वडिलांच्या बरोबरीचा. पण खेळाडूला आपण मायेनं एकेरीतच बोलावतो, तेवढी मुभा द्यावी.

सुरुवात गणपतीपासूनच करतो. 24 ऑगस्ट 1971. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि लंडनच्या ओव्हल मैदानावर भारत-इंग्लंड कसोटीचा शेवटचा दिवस. आपल्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची एक हत्तीण मैदानावर आणली होती. भारताला जिंकायला हव्या होत्या 173 धावा. आपल्याकडं संध्याकाळच्या आरतीच्या सुमारास आबिद अलीनं विजयी फटका मारला. इंग्लंडच्या भूमीवर भारतानं जिंकलेली ती पहिली कसोटी, आणि मालिकाही आपलीच. आमचे वडील तेव्हा भालकीत शिकत होते. ते सांगतात, एका घरी रेडिओ होता, त्याच्याभोवती गल्ली जमली होती. आरतीचं ताट तसंच राहिलं आणि आधी गुलाल उडाला.

या विजयाचं श्रेय कुणाचं? भागवत चंद्रशेखरचं, यात वाद नाही. पोलिओनं बारीक झालेल्या उजव्या हातानं त्यानं दुसऱ्या डावात 38 धावांत 6 बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव 101 धावांत संपला. आपलं राज्य तेव्हा म्हैसूर म्हणून ओळखलं जायचं आणि चंद्रा म्हैसूरचा. बीदर-गुलबर्गा 1956 साली या राज्यात आलं, त्यामुळं तो आपलाच. पण त्या डावाचा धावफलक नीट वाचा. कीथ फ्लेचर, झेल सोलकर, गोलंदाज चंद्रशेखर, शून्य. पहिल्या डावात 90 धावा काढणारा ॲलन नॉट, झेल सोलकर, गोलंदाज वेंकटराघवन, एक. नॉटच्या बॅटजवळून चेंडू जमिनीकडं निघाला होता. शॉर्ट लेगला बसलेल्या सोलकरनं पुढं अंग झोकून तो बोटांवर घेतला. त्याचं छायाचित्र जुन्या मंडळींनी पाहिलेलं असेल.

याच सामन्याच्या पहिल्या डावात सोलकरनं 28 धावांत 3 बळी घेतले होते आणि फलंदाजीत 44 धावाही केल्या होत्या. एकाच सामन्यात तिन्ही कामं, आणि तिन्ही वेळेवर.

हा मुलगा आला कुठून? मुंबईच्या मरीन ड्राइव्हला हिंदू जिमखाना आहे. एकनाथचे वडील तिथले मैदान सांभाळणारे माळी. मैदानाच्या कडेलाच एका खोलीत सगळं कुटुंब राहायचं. सामना असला की पोरगा धावफलकावरचे आकडे बदलायचा. इतरांच्या धावा लावता लावता तो खेळायला शिकला आणि पुढं शाळकरी भारतीय संघाचा कर्णधार झाला. पहिली कसोटी तो 1969 साली न्यूझीलंडविरुद्ध खेळला, ती आपल्या हैदराबादला. इथल्या ज्येष्ठांना हैदराबाद म्हणजे जुनी राजधानीच.

मित्र त्याला एक्की म्हणायचे. हा एक्की नेमका कोण, हे ठरवणं अवघड होतं. तो डावखुरा फलंदाज. गोलंदाजी डाव्या हातानं, कधी मध्यमगती, कधी फिरकी. एरवी खालच्या क्रमांकावर यायचा. पण 1974 साली मँचेस्टरला त्यानं गावसकरबरोबर सलामीला फलंदाजी केली. जिथं खड्डा पडला तिथं सोलकरला भरायचं, असा हिशोब.

1971च्याच वेस्ट इंडीज दौऱ्यात किंग्स्टनला भारताची 5 बाद 75 अशी अवस्था झाली होती. तिथून मडगावच्या दिलीप सरदेसाईनं द्विशतक ठोकलं. त्याच्या जोडीला 61 धावा करत कोण उभा राहिला? सोलकर. दोघांनी 137 धावांची भागीदारी केली. पुढच्या पोर्ट ऑफ स्पेनच्या सामन्यात वेस्ट इंडीजला आपण पहिल्यांदाच हरवलं, त्यात सोलकरच्या 55 धावा आणि 6 झेल. त्याच वर्षी लॉर्ड्सवर तो आपल्या भद्रावतीच्या विश्वनाथबरोबर उभा राहिला; विश्वनाथच्या 68, त्याच्या 67. एकाची बोली कन्नड, दुसऱ्याची मराठी. खेळपट्टीवर काय बोलत असतील देव जाणे, पण धावा पळताना कुणी चुकलं नाही. आपल्या सीमाभागात यापेक्षा वेगळं काय चालतं?

1974 साली लॉर्ड्सवर भारताचा अख्खा डाव 42 धावांत आटोपला. अजूनही तो आकडा टोचतो. त्यात दोन आकडी धावा करणारा एकच माणूस होता, सोलकर, नाबाद 18. त्याच दौऱ्यात जेफ्री बॉयकॉटसारखा चिवट फलंदाज त्याच्या साध्या दिसणाऱ्या चेंडूंपुढं अडखळला. पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावात सोलकरनंच त्याला बाद केलं आणि त्यानंतर तीन वर्षं बॉयकॉट कसोटी खेळला नाही. पुढं जानेवारी 1975 मध्ये वानखेडे मैदानावरच्या पहिल्या कसोटीत सोलकरनं 102 धावा केल्या. त्याचं ते एकमेव कसोटी शतक.

आता तरुण मंडळी मोबाईल काढून आकडे बघतील. 27 कसोटी, 1068 धावा, सरासरी 25. बळी फक्त 18. म्हणतील, यात काय विशेष? आपल्यात म्हण आहेच, एक ना धड, भाराभर चिंध्या. सोलकर तसा होता का?

नव्हता. कारण एक गोष्ट त्याची धड होती, आणि तीत जगात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. त्या काळात हेल्मेट नव्हतं. फलंदाजापासून हातभर अंतरावर, उघड्या डोक्यानं तो वाकून बसायचा. चंद्राचा चेंडू कुठं वळेल ते खुद्द चंद्रालाही ठाऊक नसायचं असं लोक गमतीनं म्हणत. बॅट आणि पॅडला लागून चेंडू उडाला की विचार करायला वेळच नाही. तिथं सोलकरनं 27 कसोटींत 53 झेल घेतले. म्हणजे सामन्याला जवळजवळ दोन. वीसहून जास्त कसोटी खेळलेल्या क्षेत्ररक्षकांत हे प्रमाण आजही सर्वांत वरचं मानलं जातं. बेदी, प्रसन्ना, चंद्रा, वेंकट यांचा दरारा होताच. पण तो माणूस समोर बसलेला असला की फलंदाज पुढं पाय टाकायला कचरायचा. ही भीती कुठल्या रकान्यात लिहिणार?

शेवटची कसोटी तो जानेवारी 1977 मध्ये कलकत्त्याला खेळला, तेव्हा वय होतं अवघं 28. सगळी कामं करणाऱ्याची हीच अडचण असते. त्याची ठरलेली जागा नसते, म्हणून त्याला बाजूला करणं सोपं जातं. 26 जून 2005 रोजी मुंबईत, वयाच्या 57व्या वर्षी तो गेला.

आता माझी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. काही वर्षांपूर्वी एका कामावर मी वर्षभर राबलो. मोजणी माझी, पावसाळ्यात रात्री जागलो मी, वर निवडणुकीची ड्यूटी आणि पुराचे पंचनामेही केले. काम पुरं झालं तेव्हा दगडावर, कागदावर, भाषणात माझं नाव कुठंच नव्हतं. घरी येऊन मी वडिलांजवळ खूप आदळआपट केली. म्हटलं, डिप्लोमावाल्याला कोण विचारतो? ते म्हणाले, "बाळा, ओव्हलला हार चंद्राच्या गळ्यात पडले. म्हणून सोलकरनं झेल सोडला का?"

त्या रात्री मी गप्प बसलो. पण नंतर विचार केला, तेव्हा वाटलं, वडिलांचं उत्तर अर्धंच आहे. झेल सोडू नये, हे खरंच. पण क्रिकेटचा धावफलक बघा. त्यात झेल घेणाऱ्याचं नाव आधी येतं, गोलंदाजाचं मागून. खेळानं तेवढा न्याय ठेवलाय. आपण आपल्या घरात, कचेरीत, मंडळात फक्त दुसरंच नाव लिहितो. मुलगा पहिला आला तर शाळेचं नाव होतं. पहाटे उठून डबा करणाऱ्या आईचं कुठं होतं? माझ्याही साइटवर रस्त्याची पातळी अचूक धरणारा मुकादम आहे. त्याचं नाव मी तरी साहेबांना किती वेळा सांगितलं?

म्हणून दोन विनंत्या. मुलांनो, दहा कामं जरूर शिका, पण त्यातलं एक असं शिका की त्यासाठी लोकांनी तुम्हालाच बोलवावं. आणि मोठ्यांनो, यंदाच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीआधी एक पान ठेवा. सतरंज्या घालणारे, मांडवाचे बांबू बांधणारे, प्रसादाची भांडी घासणाऱ्या भगिनी, यांची नावं त्यावर येऊ द्या. मोठं काही नाही, आधी झेल घेणाऱ्याचं नाव लिहायचं, एवढंच.