लाल फुलाची परीक्षा



2010 साली जगभरातल्या कारखान्यांतून 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाहेर पडले. त्यातले बहुतेक खिशात मावणारे, म्हणजे कॉम्पॅक्ट. पुढे मोबाइलने त्यांचा धंदा बसवला. आता कॉलेजातली मुलं तेच कॅमेरे कपाटांतून आणि जुन्या बाजारातून शोधून काढताहेत. माझ्या भाचीनेही एक पसंत केला आणि ‘मामा, घेऊ का सांग’ म्हणत माझ्या हातात ठेवला. दुकानदार अशा वेळी समोरच्या रस्त्याचा फोटो काढून दाखवतो. रस्ता काय, कुठल्याही कॅमेऱ्यात बरा दिसतो. म्हणून मी तो घेऊन पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये गेलो. फाल्गुनाचे दिवस. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाची गर्दी केव्हाच ओसरली होती, पण वाफ्यांत लाल साल्व्हिया, पिटुनिया, झेंडू अजून तग धरून होते.

आधी जवळून फोटो. त्यासाठीच्या बटणावर ट्यूलिपच्या फुलाचं चित्र असतं. ही सोय झूम न करता उत्तम चालते. झूम केला की फुलापासून दूर सरावं लागतं. जवळ जावं, तर कॅमेऱ्याचीच सावली फुलावर पडते. तेव्हा ऊन एका बाजूने येईल असं उभं राहायचं. इथे छोट्या कॅमेऱ्याचा एक फायदाही दिसतो. त्यातला सेन्सर साधारण सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. त्यामुळे फुलाचा बराच भाग एकदम स्पष्ट येतो. मोठ्या कॅमेऱ्यात पुढची पाकळी रेखीव आणि मागची धूसर, असं सहज होतं. अर्थात इथे मागची वाळकी पानं आणि पाण्याची नळीही तितक्याच इमानाने फोटोत येते!

खरी परीक्षा लाल फुलाची. उन्हातल्या साल्व्हियाचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून बघा. डोळ्यांना दिसणाऱ्या पाकळ्यांच्या कडा, घड्या, छटा सगळ्या गायब. उरतो तो एकसंध लाल डाग. फोकस चुकलाय असं वाटतं, पण फोकस बरोबर असतो. लाल रंग जळालेला असतो.

हे का होतं? बहुतेक सेन्सरवर रंगीत फिल्टरांची बारीक जाळी असते. कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या ब्राइस बायर यांना तिचं पेटंट 1976 मध्ये मिळालं. तिच्यात निम्मी घरं हिरवी, पाव लाल आणि पाव निळी असतात. माणसाच्या डोळ्याला उजेडाचा अंदाज मुख्यतः हिरव्यातून येतो, म्हणून ही वाटणी. कॅमेऱ्याचा उजेड मोजण्याचा हिशेबही हिरव्याकडेच झुकलेला. आजूबाजूची पानं गडद दिसली की तो प्रकाश वाढवतो आणि लाल घरं भरून वाहू लागतात. साध्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाला 0 ते 255 एवढ्याच पायऱ्या. सगळी पाकळी 255 वर जाऊन बसली, की तिच्यातली घडी दाखवायला पायरीच उरत नाही. त्यात कारखान्यातूनच रंग भडक करून ठेवलेले असतात. दुकानात ते छान दिसतात, बागेत घात करतात.

उपाय सोपा आहे. अधिक-उणेचं चिन्ह असलेलं बटण दाबून प्रकाश एकाने उणे करायचा. रंगांची सोय ‘व्हिव्हिड’वर असेल, तर साध्या रंगांवर आणायची. किंवा फूल सावलीत येईपर्यंत थांबायचं. भाचीच्या कॅमेऱ्यात उणे केल्यावर साल्व्हियाच्या कडा परत दिसू लागल्या. पानं काळवंडली, पण काळवंडलेलं पान नंतर थोडं उजळता येतं; जळालेली पाकळी काही केल्या परत येत नाही.

पांढऱ्या फुलाची गंमत और आहे. गडद पानांत एखादंच पांढरं फूल असेल, तर ते जळतं, तिथे उणे. तेच फूल अख्ख्या चौकटीत भरलं, तर मळकट येतं, तिथे अधिक. मेगापिक्सेल कितीही असोत, हा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. माझं ऐकाल, तर मेगापिक्सेलचा आकडा विचारूच नका. कॅमेऱ्यात ते अधिक-उणेचं बटण चटकन सापडतं का, एवढं विचारा. मेन्यूच्या चौथ्या पानावर असेल, तर फुलावरची मधमाशी तेवढा वेळ थांबत नसते.

फुलं हलवणाऱ्या वाऱ्याबद्दल फार सांगत नाही. सकाळी लवकर जा, वारा कमी असतो आणि ऊनही कोवळं. भर दुपारी त्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर मला माझा चष्माच तेवढा दिसत होता.

भाचीला कॅमेरा घे म्हणून सांगितलं. बॅटरी मात्र नवी घ्यायला लावली. आता ती पळसाचे फोटो काढायला निघाली आहे. पळस म्हणजे पुन्हा लालच, तोही भर उन्हात आणि निष्पर्ण फांद्यांवर, मागे झगझगीत आभाळ. इथे हिशेब उलटतो: आभाळ पाहून कॅमेरा आपणहून प्रकाश कमी करतो आणि फुलं काळपट येतात. तेव्हा तिथे उणेचं बटण आधी दाबू नकोस, एक फोटो काढून बघ आणि मग ठरव, असं तिला बजावलं आहे.