आबालालांचे तलाव



महाळुंगे पडवळ ही हुतात्मा बाबू गेनूंची जन्मभूमी. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाची मालमोटार अडवताना त्यांनी मुंबईत प्राणार्पण केले. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात एका चित्रकाराने देह ठेवला. त्याचे नाव आबालाल रहिमान.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा माणूस मोठ्या शहराचा मोह सोडून कोल्हापुरास परतला. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. पण त्याचे मन दरबारापेक्षा पाण्याकाठी रमे. कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट, रंकाळ्यातील संध्यामठ आणि त्यांवर क्षणाक्षणाला पालटणारा प्रकाश हेच त्याचे विषय. १९२२ मध्ये महाराज निवर्तले, तेव्हा शोकाकुल आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे कोल्हापूरकर आजही सांगतात.

चित्रे गेली, तरी ती ज्यांवरून काढली ते तलाव मागे उरले होते. पुढे त्यांचे काय झाले? कपिलतीर्थाच्या जागी मंडई उभी राहिली. वरुणतीर्थाचे मैदान झाले. जे उरले, त्यांत सांडपाणी शिरले. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे शेवाळाचे खाद्य. ते मिळताच शेवाळ माजते, मरते, कुजते. कुजताना ते पाण्यातील प्राणवायू शोषून घेते आणि मासे तडफडून मरतात. एकदा रंकाळ्याचे पाणीही असेच हिरवेगार झाले होते. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून निधी आला, कामेही झाली. परंतु नाला वरच अडवला नाही, तर खाली कितीही गाळ काढला, तरी दुखणे पुन्हा उलटतेच.

चित्र नष्ट झाले, तर दुसरा चित्रकार त्याच काठावर बसून नवे चित्र काढू शकतो. काठच नाहीसा झाला, तर त्याने बसावे कोठे? आबालाल जन्माने मुसलमान. त्यांनी रंगवले ते हिंदूंचे तीर्थ आणि मठ. या मातीवरील प्रेमाला याहून निराळा दाखला कशाला हवा?

तलाव वाचवणे हे केवळ सरकारचे काम नव्हे. आपल्या गावाचे सांडपाणी ओढ्यात जाते की शोषखड्ड्यात, एवढे प्रत्येकाने उद्या सकाळी पाहावे. बाबू गेनूंनी प्राण दिले. आपल्याकडून एवढी जागरूकता अपेक्षिणे फार नाही.