रोखा आणि शेअर



सणसवाडीच्या शिवारात आज लहानमोठे कितीतरी कारखाने आहेत. इथल्या मुलाला कारखाना म्हटले की फाटक, भोंगा आणि पाळी एवढेच ठाऊक. पण आपल्याच शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला घोडगंगा आणि शेजारी दौंड तालुक्यात पाटसला भीमा, असे दोन साखर कारखाने उभे राहिले, ते निराळ्या रीतीचे. ते सहकारी, म्हणजे ऊस घालणारा सभासद शेतकरीच मालक. ही मालकी आली कोठून, ते आज सांगावयाचे आहे.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. अमेरिकेतील यादवी १८६५ साली संपल्यावर कापसाचा भाव कोसळला, त्यात साऱ्याची आकारणी वाढलेली. शेतकरी कर्जात रुतला. दंग्याचे लोण शिरूर-इंदापुरात आणि पुढे नगर जिल्ह्यात गेले. लोकांचा रोख मुख्यतः कशावर होता? सावकाराच्या खतांवर आणि रोख्यांवर! ते हाती आले की जाळून टाकीत. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

कायदा झाला, तरी भांडवल कोठून यावे? कालवे निघाले, ऊस वाढला. पण गूळ अडतीवर गेला की भाव ठरवणार दुसराच. यावर नगर जिल्ह्यात लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी वाट काढली. गावोगाव हिंडून त्यांनी शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे जमविले. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले. १९४८ साली प्रवरा कारखान्याची नोंद झाली आणि १९५०-५१ साली पहिला गळीत हंगाम निघाला. महाराष्ट्रातला हा पहिला सहकारी साखर कारखाना. मंडळी, पाऊणशे वर्षांपूर्वी ज्या शेतकऱ्याने कर्जाचा कागद जाळला, त्याच्याच नातवंडांच्या हाती आता मालकीचा कागद आला! हीच रीत पुढे न्हावरे-पाटसपर्यंत पोचली.

मात्र कागद ट्रंकेत ठेवला म्हणजे मालकी टिकते, असे नाही. राज्यातले कित्येक सहकारी कारखाने पुढे कर्जात बुडाले. काही विकले गेले, काही भाड्याने दुसऱ्यांच्या हाती गेले. ताळेबंद न वाचता सभेत हात वर करणारा सभासद नावाचाच मालक उरतो.

आणखी एक गोष्ट. ज्यांच्या कोयत्यावर गव्हाण भरते, त्या ऊसतोड मजुरांच्या हाती शेअर नाही. बीडकडून मुकादमाची उचल घेऊन ते येतात, कोपी घालून राहतात, हंगाम संपला की जातात. त्यांची काही मुले साखरशाळेत बसली, पुष्कळशी फडातच राहिली. कारखान्याच्या इतिहासात त्यांचेही पान हवे.

गुरुजींनो, यासाठी शाळेत एक वही घाला. घरोघरचे शेअरचे दाखले, काट्याच्या पावत्या, वार्षिक सभेचे अहवाल मुलांनी पाहावेत, उतरून घ्यावेत. पहिली मोळी पडली तो दिवस म्हाताऱ्यांना विचारावा. हंगामात तोडकऱ्यांच्या कोपीवर जाऊन त्यांचे गाव, त्यांची हकीकत लिहावी. आणि वरच्या वर्गाला जुन्या अहवालातला एक ताळेबंद फळ्यावर मांडून समजावून द्यावा. उद्याच्या सभेत हीच मुले सभासद म्हणून बसणार आहेत.