तारेखालची जमीन कोणाची?

पळसदेव हे दोनदा वसलेले गाव आहे. भीमेवरील उजनी धरणाचे काम 1969 मध्ये सुरू झाले, 1980 मध्ये पुरे झाले आणि त्याच्या फुगवट्यात जुने पळसदेव गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसनाथाचे देऊळ वर येते. ते पाहायला दुरून माणसे येतात. देवळाभोवतीची घरे कोणाची होती, हे विचारणारे त्यांत थोडेच.

धरणासाठी शासनाने जमीन घेतली, तेव्हा ती घेतली असे निदान कबूल तरी केले. नोटीस निघाली, सातबारावरचे नाव बदलले, मोबदला ठरला. विजेच्या तारांचा प्रकार निराळा आहे. तार शेतावरून जाते, मनोऱ्याचे चार पाय बांधात रोवले जातात, आणि कागदोपत्री काहीच घडलेले नसते. मालकी शेतकऱ्याची, सारा त्याच्याच नावे. मात्र तारेखाली घर बांधायचे नाही, उंच झाड वाढू द्यायचे नाही. जमीन घेतलीच नाही म्हटल्यावर भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्यातील संमती, सामाजिक परिणामांची तपासणी, पुनर्वसन यांपैकी काही लागू होत नाही.

ही किमया 1885 च्या तार कायद्याची. परक्या सरकारला तारायंत्राचे खांब देशभर विनाअडथळा रोवायचे होते, म्हणून त्याने कलम 10 लिहिले: कोणाच्याही स्थावर मिळकतीवरून, खालून वा आडवी तार नेता येईल, सरकारला फक्त वापराचा हक्क मिळेल. स्वतंत्र भारताच्या 2003 च्या वीज कायद्याने कलम 164 अन्वये हेच अधिकार वीजवाहिन्या टाकणाऱ्या संस्थांना देण्याची सोय केली. 2023 च्या दूरसंचार कायद्याने तार कायदा रद्द केला खरा. पण वीजवाहिन्यांपुरता त्याचा तिसरा भाग जिवंत ठेवला. तारायंत्र गेले, त्याचा खांब मात्र शेतात उभा आहे. हे अधिकार ज्या संस्थेला मिळाले आहेत, तिला मालकाच्या पूर्वसंमतीची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट केले.

तेव्हा कार्यकर्त्याने पहिला प्रश्न विचारावा तो हा: तार टाकायला आलेल्या संस्थेला कलम 164 चा आदेश आहे काय? असल्यास त्याची प्रत मागावी. नसल्यास 2006 चे नियम लागू होतात आणि मालकाची वा कब्जेदाराची संमती आधी घ्यावी लागते. त्याने हरकत घेतली तर जिल्हादंडाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि भरपाई किंवा वार्षिक भाडे ठरविण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. वार्षिक भाडे हा शब्द नियमात आहे, हे गावात फारसे कोणी सांगत नाही. ठेकेदाराचा माणूस छापील कागद पुढे करतो, शेतकरी सही करतो, आणि हरकतीचा हक्क त्या सहीबरोबर संपतो.

आदेश असला तरी सगळे संपत नाही. कमीत कमी नुकसान करावे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी, असे कलम 10 बजावते. रक्कम अपुरी वाटल्यास कलम 16 प्रमाणे जिल्हा न्यायाधीशाकडे दाद मागता येते. उभ्या पिकाचे पैसे दिले की हिशेब मिटला, ही समजूत चुकीची आहे. जमिनीची जागा कोणती, तार तिच्यावरून कशी आणि किती लांब गेली, यांचाही विचार भरपाईत व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये केरळच्या एका प्रकरणात म्हटले आहे.

थोडा हिशेब करून पाहावा. 220 किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी 35 मीटर रुंदीचा पट्टा धरतात. शेतातून ती 100 मीटर गेली तर 3,500 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 35 गुंठे, तिच्या छायेत येतात. दोन एकरांच्या शेतकऱ्याचे हे जवळजवळ निम्मे शेत. केंद्राच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालील जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के आणि पट्ट्यासाठी फार तर 15 टक्के असा दर होता. जून 2024 मध्ये तो अनुक्रमे 200 आणि 30 टक्के झाला. या सूचना 66 किलोव्होल्ट व त्यावरील वाहिन्यांपुरत्या आहेत आणि त्या स्वीकारणे राज्यांकडे आहे. म्हणून चालू शासन निर्णयाची प्रत तहसील कचेरीतून लेखी अर्जाने घ्यावी. तोंडी आकड्यावर बोलणी करू नयेत.

मालमत्तेच्या हक्काची वकिली समाजवाद्यांनी का करावी, असे कोणी विचारील. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने तो हक्क मूलभूत हक्कांतून गेला, तो जनता राजवटीतच. पण कलम 300-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराविना कोणाची मिळकत हिरावता येत नाही, आणि दोन एकरांची मिळकत ही भांडवलदारी नव्हे. वीज नको, असे कोणी म्हणत नाही. मोटार विजेवरच चालते. तक्रार आहे ती लाभ आणि भार यांच्या वाटणीची. याच पुणे जिल्ह्यात 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तो मुंबईच्या विजेसाठी टाटा कंपनी धरण बांधीत असताना. मावळ्यांची शेते पाण्याखाली गेली, दिवे मुंबईत लागले.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या चळवळीतही विसरली जाते. कलम 10 मधील भरपाई ‘हितसंबंध असलेल्या सर्वांना’ आहे, केवळ सातबारावरील पुरुषाला नव्हे. वाट्याने ऊस लावणाऱ्याचे पीक मनोऱ्याच्या खड्ड्यात गेले आणि धनादेश मालकाच्या नावे निघाला, तर त्या वाटेकऱ्याचा हक्क डावलला गेला. पंचनाम्यात त्याचे नाव, त्याच्या पिकाचे क्षेत्र आणि विहीर-पाइपलाइनची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. वाटपाचा तंटा निघाल्यास तोही जिल्हा न्यायाधीशच सोडवतो.

घराविषयी कलम 17 आहे. ज्याला आपल्या जागेत पुढे बांधकाम करायचे आहे, तो तार हलविण्याची वा बदलण्याची मागणी करू शकतो. पूर्वी भरपाई घेतली असेल, तर हलविण्याचा खर्च किंवा मिळालेल्या भरपाईची निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी ती भरावी लागते. संस्थेने ऐकले नाही, तर अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्याकडे करायचा. त्यासाठी भरपाईची पावती, जागेचा नकाशा आणि तार कोणत्या वर्षी टाकली याचा पुरावा घरात जपून ठेवलेला असावा.